विकणाऱ्याला शिक्षा, विकलेलीला आसरा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी कायद्यासंबंधी काहीतरी इतिहासपर लिहावे, असे संपादक-भगिनींनी मला सुचविले, तेव्हा हुंडा, वारसा, पोटगी असे विषय त्यांच्या मनात असावेत. ते विषय आपल्या व्याख्यानमालेत अनेकदा येऊन गेले आहेत. मी निवडलेला विषय मात्र हळदीकुंकवाच्या बैठकीत सहसा निघत नाही; निघालाच तर बोलणारीचा आवाज खाली जातो. मुलींची व स्त्रियांची खरेदी-विक्री, आणि ती थांबविण्यासाठी आपल्या राज्यात झालेले कायदे, हा तो विषय होय.

मी वकील नाही. मंडळातर्फे एका महिला वसतिगृहात शिवणवर्गासाठी गेली काही वर्षे जात असते, एवढाच माझा अधिकार. तेथे एकदा एका मुलीने काजे करता करता मला विचारले, "ताई, ज्यानं मला विकलं तो जामिनावर सुटला. मग मी कधी सुटायची?" या प्रश्नाचे उत्तर मला तेथल्या तेथे देता आले नाही. म्हणून मी कायद्याची पुस्तके उघडली. त्यांतून जे हाती लागले ते भगिनींपुढे ठेवीत आहे.

विकणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा आपल्याकडे नवा नव्हे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतच अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणे आणि विकत घेणे हे दोन्ही गुन्हे ठरविले होते. कलमे ३७२ आणि ३७३. वयाची मर्यादा आरंभी सोळा वर्षे होती, ती १९२४ साली अठरावर नेली. म्हणजे आपल्या पणजीच्या आईच्या काळापासून हा गुन्हा आहे. पण त्याच सरकारने १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदाही केला. त्यात वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नोंद करावयाची, त्यांची सक्तीने वैद्यकीय तपासणी करावयाची, रोगी ठरल्यास रुग्णालयात डांबावयाचे, अशी व्यवस्था होती. ती कोणासाठी? गोऱ्या शिपायांची प्रकृती बिघडू नये म्हणून. त्या स्त्रीला तेथे कोणी आणून बसविले, हे विचारण्याचे त्या कायद्याला कारणच नव्हते. विरोध वाढल्यावर १८८८ साली तो रद्द झाला. परंतु स्त्रीला दोषाचे मूळ समजावे आणि तिला उचलून बाजूला करावे, ही दृष्टी त्याच्याबरोबर रद्द झाली नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात ती पुन्हा पुन्हा डोके वर काढताना दिसते.

त्या काळी आसरा देण्याचे काम सरकारने नव्हे, तर व्यक्तींनी केले. पंडिता रमाबाईंनी १८९९ साली केडगावला कृपासदन काढले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे अन्न, वस्त्र आणि हाताला काम मिळे. कायद्याला जे सुचावयास आणखी अर्धे शतक लागले, ते एका बाईला आधी सुचले होते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

मुंबईला खडबडून जागे करणारी घटना १९१७ सालची. डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अक्कूताई नावाची स्त्री होती. तिने तेथून पळून जाण्याचा प्रयत्न केला, ती पकडली गेली, आणि कुंटणखाना चालविणाऱ्यांनी तिचे इतके हाल केले की त्यातच तिचा अंत झाला. खटला उभा राहिला. त्याच घरातील इतर स्त्रियांनी साक्षी दिल्या आणि मारेकऱ्यांना शिक्षा झाली. पण या खटल्याने जे बाहेर आले ते एका खुनापुरते नव्हते. बाहेर पडावयास बंदी, दारावर पहारा, आणि सर्वांत भक्कम साखळी म्हणजे कर्ज. मुलगी आणताना दिलेली रक्कम तिच्याच नावावर मांडावयाची. तिचे लुगडे, तिचे दागिने, तिचे खाणेपिणे त्यात मिळवावयाचे. आणि ती कितीही राबली तरी तो आकडा फिटू द्यावयाचा नाही. शेतावरच्या सावकाराचा हिशेब आपल्या आजोबांना ठाऊक होता. हा हिशेब त्याच जातीचा, फक्त गहाण पडलेली वस्तू जमीन नव्हे, जिवंत बाई.

अक्कूताईच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रांतून आणि सुधारकांच्या सभांतून मागणी वाढत गेली. १९२१ साली मुंबई सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी समिती नेमली आणि १९२३ साली मुंबई वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. दलाली करणारे, मुली मिळवून आणणारे आणि त्यांना अडकवून ठेवणारे यांच्यावर त्याचा रोख होता. कुंटणखाना चालविणे हा मात्र आरंभी त्यात गुन्हा नव्हता. तो पुढच्या दुरुस्तीने झाला. लगोलग १९२४ साली मुंबईचा मुलांचा कायदा आला आणि अशा घरांत सापडणाऱ्या लहान मुलींना तेथून काढून सुरक्षित जागी ठेवण्याचा मार्ग खुला झाला. कागदावर ही मोठी मजल होती. प्रत्यक्षात रस्त्यावर उभी असलेली स्त्री पकडणे पोलिसांना सोपे होते. तिच्या मागचा दलाल पकडणे अवघड होते. सोपे तेच अधिक होत गेले.

मुली येत कोठून? शहरातली ही बाजारपेठ भरत असे ती खेड्यातल्या दारिद्र्यातून आणि काही अंशी धर्माच्या नावाने चाललेल्या रूढीतून. देवीला किंवा खंडोबाला वाहिलेल्या जोगतिणी, मुरळ्या, भाविणी यांची कहाणी आपल्या महाराष्ट्र-गोव्याच्या घराघरांना ठाऊक आहे. करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९२० साली या प्रथेला प्रतिबंध करणारा कायदा केला. मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा. मुलगी देवाला वाहणे हा गुन्हा, आणि वाहिलेल्या मुलीने लग्न केले तर ते कायदेशीर, अशी त्यात तरतूद होती. ही दुसरी तरतूद मला पहिलीइतकीच मोलाची वाटते. कारण तीत तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार आहे. तरीही प्रथा इतकी चिवट की महाराष्ट्राला २००५ साली नवा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा करावा लागला.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला संविधानात स्थान मिळाले. अनुच्छेद २३ ने माणसांच्या अपव्यापाराला आणि वेठबिगारीला मनाई केली. 'अपव्यापार' हा शब्द मला फार नेमका वाटतो. त्यात दोष विकल्या गेलेल्या माणसाकडे जात नाही. तो व्यापार करणाराकडे जातो. ९ मे १९५० रोजी भारताने न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि त्या कराराला अनुसरून १९५६ साली देशभरासाठी एकच कायदा झाला. तो १ मे १९५८ पासून पूर्णपणे अमलात आला आणि त्याबरोबर प्रांतोप्रांतीचे जुने कायदे मागे पडले. त्यामागे स्त्री-कार्यकर्त्यांचे श्रम होते. दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय समाजकल्याण मंडळाने या विषयावर एक सल्लागार समिती नेमली होती. तिच्या अध्यक्षा होत्या धन्वंती रामा राव.

१९५६ च्या या कायद्यातले सहावे कलम वाचताना मला अक्कूताईची आठवण झाली. एखाद्या स्त्रीचे दागिने, कपडे किंवा पैसे कोणी दाबून ठेवले, अथवा ते घेऊन गेलीस तर दावा लावीन अशी धमकी दिली, तर त्याने तिला अडकवून ठेवले असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे त्यात म्हटले आहे. एवढेच नव्हे, तर अशा दागिन्या-कपड्यांच्या वसुलीसाठी तिच्यावर कोणताही दावा चालणार नाही. डंकन रोडवरच्या त्या खोट्या हिशेबाची वही या कलमाने फाडून टाकली. मात्र ज्या मुलीसाठी ती फाडली, तिला हे कलम कोणी वाचून दाखवावे?

याच कायद्यात संरक्षणगृहे आली. सोडविलेल्या मुलीला दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे, तिचे वय, तिच्या घरची परिस्थिती, तिला परत घेण्यास पालक योग्य आहेत की नाहीत याची चौकशी व्हावी, आणि गरज वाटल्यास तिला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवावे, अशी रीत त्यात आहे. १९७८ आणि १९८६ साली दुरुस्त्या झाल्या. १९८६ च्या दुरुस्तीने कायद्याचे नावच बदलून 'अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम' असे झाले आणि स्त्रियांबरोबर पुरुष व बालकेही त्याच्या संरक्षणाखाली आली.

पण जुनी दृष्टी गेली नाही. आठवे कलम पाहा. सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलाविण्याच्या गुन्ह्याबद्दल स्त्रीला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवसांपासून फार तर तीन महिन्यांपर्यंत. विसाव्या कलमाखाली अशा स्त्रीला त्या भागातून निघून जाण्याचा हुकूम देता येतो. ती जाणार कोठे, याविषयी कलम मौन पाळते.

१९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत एक मोठी धाड पडली. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रश्नाची दखल घेतली होती. कामाठीपुऱ्यातून व आसपासच्या वस्त्यांतून चारशेहून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढण्यात आल्या. त्यांतल्या पुष्कळशा नेपाळच्या होत्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी सुटकेचा जयजयकार केला. त्यानंतरचे महिने मात्र फार थोड्यांनी पाहिले. सरकारी गृहांत एवढ्या मुलींची सोय नव्हती. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यावयास कचरत होते, कारण त्या आपल्याच नागरिक असल्याचा कागद त्यांच्याजवळ नव्हता. ज्यांना लहानपणीच कोणी फसवून नेले, त्यांनी कागद कोठून आणावा? शेवटी तेथील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि जुलैमध्ये शंभराहून अधिक मुली काठमांडूस परतल्या.

या कहाणीचा पुढचा भाग आनंदाचा आहे. परतलेल्यांपैकी काही मुलींनी एकत्र येऊन 'शक्ती समूह' ही संस्था उभी केली. ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरला त्यांनीच चालविलेली ही नेपाळातली पहिली संस्था. २०१३ साली तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. "अशा मुली पुन्हा उभ्या राहत नाहीत" असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. उभे राहण्यासाठी पायाखाली जमीन मात्र लागते.

सोडविलेली मुलगी पुन्हा त्याच हातात जाऊ नये, यासाठी महाराष्ट्रातूनच एक महत्त्वाचा निर्णय आला. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या 'प्रेरणा' या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. घडत असे ते असे: धाडीत दलाल पकडला जाई, मुलगी सोडविली जाई, आणि दलालाचा वकीलच मुलीचाही वकील म्हणून उभा राहून तिची 'सुटका' मागे. २००२ साली न्यायालयाने सांगितले की आरोपीच्या वकिलाने त्याच खटल्यात पीडित मुलीचे वकीलपत्र घेता कामा नये, आणि अठरा वर्षांखालील मुलीला गुन्हेगार म्हणून नव्हे, तर संरक्षणाची गरज असलेले बालक म्हणून बालकल्याण समितीपुढे न्यावे. किती साधी गोष्ट! पण ती लेखी होईपर्यंत किती मुली पुन्हा त्याच जिन्याने वर गेल्या असतील.

स्त्रीला बाजूला केले की प्रश्न मिटला, या समजुतीचा फोलपणा २००५ नंतर पुन्हा एकदा दिसला. राज्य सरकारने त्या साली डान्स बार बंद केले. स्त्रियांचे शोषण आणि अपव्यापार थांबवावा, हेही एक कारण सांगितले होते. उच्च न्यायालयाने २००६ साली ती बंदी रद्द केली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. सुमारे पंचाहत्तर हजार स्त्रियांची रोजी गेली आणि त्यांतल्या अनेकींना नाइलाजाने वेश्याव्यवसायाकडे वळावे लागले, याची सर्वोच्च न्यायालयाने नोंद घेतली. ज्या खाईतून वाचवावयाचे म्हणून कायदा केला, तिच्याच काठावर त्याने त्यांना नेऊन सोडले. डान्स बार चांगले होते असे मी म्हणत नाही. दार बंद करताना दुसरे उघडले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

शिक्षेच्या बाजूने कायदा पुढे कडक होत गेला. २०१३ च्या दुरुस्तीने दंडसंहितेचे कलम ३७० अपव्यापारासाठी नव्याने लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १४३ झाले. सात ते दहा वर्षे सक्तमजुरी, बालक असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. फसवून, धाकाने किंवा पैसे चारून नेलेल्या माणसाची 'संमती होती' हा बचाव चालत नाही. व्यक्ती अशी आणलेली आहे हे ठाऊक असून तिचा उपभोग घेणाराही आता गुन्हेगार आहे. परंतु पुनर्वसन हा ज्याचा एक मुख्य भाग होता, ते केंद्राचे विधेयक २०१८ साली लोकसभेत संमत होऊनही राज्यसभेपर्यंत पोहोचले नाही आणि २०१९ साली लोकसभा विसर्जित होताच ते रद्दबातल झाले. शिक्षेचे कलम पुढे गेले, आसऱ्याचे मागे राहिले.

येथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. आसरा म्हणजे कुलूप नव्हे. सज्ञान स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गृहात ठेवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली एका प्रकरणात रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ साली राज्यांना संरक्षणगृहांची पाहणी करावयास सांगितले आणि इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना सोडण्याचा मार्ग मोकळा केला. आपल्यापैकी काही भगिनींना हे रुचणार नाही, हे मी जाणते. त्या पुन्हा तेथेच जातील, असे त्या म्हणतील. पण सज्ञान बाईला तिच्या भल्यासाठी म्हणून डांबावयाचे ठरले, तर १८६८ चा कायदा आणि आपण यांत फरक काय? बालिकेची गोष्ट निराळी. तिचे रक्षण आपण केलेच पाहिजे. सज्ञान स्त्रीला मात्र विचारले पाहिजे, आणि ती 'जाते' म्हणाली तर जाण्यासारखी जागा दाखविली पाहिजे.

म्हणून कायदा बळकट करावयाचा तो कोठे? माझ्या अल्पमतीप्रमाणे शिक्षेची वर्षे वाढविण्यात नव्हे. आठव्या आणि विसाव्या कलमातील अन्याय दूर व्हावा. सोडविलेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून स्वतःचा वकील मिळावा. विधिसेवा प्राधिकरणाची योजना २०१५ पासून आहे, ती वसतिगृहाच्या दारापर्यंत यावी. नुकसानभरपाई खटल्याच्या निकालापर्यंत अडू नये. साक्ष देऊन गावी परतलेल्या मुलीकडे वर्षभर तरी कोणी जाऊन यावे. कारण ज्या दारिद्र्यातून ती विकली गेली ते तिची वाट पाहत तेथेच बसलेले असते.

आणि आपण? भगिनींनो, या कायद्याने आपल्यासाठी जागा राखून ठेवल्या आहेत, हे किती जणींना ठाऊक आहे? तेराव्या कलमाखाली खास पोलीस अधिकाऱ्याच्या साहाय्याला पाचपर्यंत समाजसेवकांचे सल्लागार मंडळ नेमता येते आणि त्यात शक्यतो स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. पंधराव्या कलमाप्रमाणे झडतीच्या वेळी बोलवावयाच्या पंचांत निदान एक स्त्री हवी, आणि ती त्याच वस्तीतली असली पाहिजे असे नाही. महिला पोलीस नसेल तर मुलीची विचारपूस मान्य संस्थेच्या स्त्री-सभासदासमोरच व्हावयास हवी. सतराव्या कलमाप्रमाणे दंडाधिकाऱ्याला पाच जणांचे मंडळ बोलाविता येते. त्यात शक्यतो तीन स्त्रिया, आणि त्यासाठी अनुभवी सेविकांची यादी ठेवता येते. या जागा कायद्याने मांडलेले पाट आहेत. त्यांवर बसावयास कोणी जात नाही, आणि मग आपण म्हणतो की कायदा दुबळा आहे.

तेव्हा नव्या वर्षासाठी मी मंडळापुढे एक सूचना ठेवते. या कामास वेळ देऊ शकतील अशा पाच-सहा जणींची नावे कार्यकारिणीने ठरवावीत आणि ती जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे व न्यायालयाकडे लेखी कळवावीत. संकटातील बालकासाठी १०९८ आणि स्त्रीसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आपल्या बालवाडीच्या आणि शिवणवर्गाच्या भिंतीवर ठळक लिहावेत. शिवणवर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला, ती कोठून आलेली आहे हे न विचारता, मंडळाच्या ओळखीने काम मिळवून द्यावे.

वसतिगृहातली ती मुलगी आता काजे फार सुबक करते. तिच्यासारख्या आणखी कितीजणींना सुटकेनंतर जावयाला जागा असेल, हे काही अंशी तरी आपल्यावर अवलंबून आहे. वर्धापनदिनाच्या समारंभात मंडळाच्या कार्याचा आढावा वाचला जाईल. पुढच्या वर्षीच्या आढाव्यात या कामाच्या चार ओळी असाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.